मतभेद आणि मानपान



शेजारच्या घरातील भांडण कान देऊन ऐकू नये असे वडीलधारी माणसे सांगत. तथापि काही भांडणे अशी असतात की ती शेजारच्या घरात चाललेली असली तरी त्यातला प्रश्न आपल्याही घरातला असतो. कॅथलिक ख्रिस्ती समाजात गेली चाळीसएक वर्षे असा एक वाद चालू आहे. गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा देणाऱ्या राजकारणी माणसाशी, विशेषतः तो स्वतः कॅथलिक असेल तर त्याच्याशी, धर्मसंस्थेने कसे वागावे? त्याला व्यासपीठावर बोलवावे काय? त्याचा सत्कार करावा काय? चर्चमध्ये इतरांच्या रांगेत तो उभा राहिला तर त्याला परत पाठवावे काय?

गर्भपात योग्य की अयोग्य याचा निवाडा या लेखात करण्याचा आमचा हेतू नाही. ज्याचे सार्वजनिक वर्तन आपल्याला गंभीर चूक वाटते, त्याच्याशी संबंध कोठपर्यंत ठेवावा आणि कोठे थांबवावा, एवढ्याच प्रश्नाचा आम्ही विचार करणार आहोत.

प्रथम या देशातील ताजे उदाहरण घेऊ. २०२५ सालच्या जून महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटपुढे जीवन-मरणाचे दोन प्रश्न एकाच आठवड्यात आले. १७ जून रोजी, स्वतःचा गर्भपात केल्याबद्दल इंग्लंड व वेल्समधील स्त्रीवर फौजदारी खटला होऊ नये, अशी दुरुस्ती हाऊस ऑफ कॉमन्सने ३७९ विरुद्ध १३७ मतांनी मान्य केली. २० जून रोजी, मरणाच्या दारी असलेल्या रुग्णाला स्वेच्छेने जीवन संपविण्यास वैद्यकीय साहाय्य देण्याचे विधेयक त्याच सभागृहात ३१४ विरुद्ध २९१ मतांनी पुढे गेले. या दुसऱ्या विधेयकाच्या बाजूने मत देणाऱ्यांत सरे परगण्यातील डॉर्किंग अँड हॉर्ली मतदारसंघाचे लिबरल डेमोक्रॅट खासदार क्रिस कॉगलन हे कॅथलिक गृहस्थ होते. त्यांनी जाहीर केल्याप्रमाणे, त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूंनी त्यांना आधीच बजावले होते, आणि मतदानानंतर मिस्सेच्या वेळी भाविकांसमोर सांगून टाकले की त्यांना कम्युनियन दिले जाणार नाही. त्या भागाचे बिशप रिचर्ड मोथ यांनी मात्र त्यांच्याशी बोलणे केले व भेटीची तयारी दाखविली. येथे प्रश्न आयुष्याच्या शेवटाचा होता, गर्भपातात तो आरंभाचा असतो. पण धर्मसंस्था आणि लोकप्रतिनिधी यांच्यामधला पेच तोच आहे. एकाच धर्मातील दोन अधिकारी, एकाच शिकवणुकीचे, आणि वागणूक मात्र दोन तऱ्हेची. वाद आहे तो नेमका हाच.

आपल्यापैकी अनेकांना कम्युनियन म्हणजे काय याची पुरती कल्पना नसेल. मिस्सेच्या वेळी वेदीपाशी पवित्र भाकरीचा जो घास मिळतो, तो कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे साक्षात ख्रिस्ताचे शरीर असतो. आपल्याकडे शब्बाथच्या दिवशी तोरापाशी बोलावण्याचा मान एखाद्याला भर सभेत नाकारला तर त्याच्या मनाला काय वाटेल? कम्युनियन नाकारणे त्याहूनही जिव्हारी लागणारे आहे, कारण त्यांच्या दृष्टीने तो केवळ मान नसून आत्म्याचे अन्न आहे.

या बाबतीत त्यांच्या १९८३ सालच्या धर्मसंहितेत लागोपाठची दोन कलमे आहेत. उघड आणि गंभीर पापात जो हट्टाने राहतो त्याला कम्युनियन देऊ नये, असा ९१५ व्या कलमाचा आशय आहे. ज्याला आपल्या गंभीर पापाची जाणीव आहे त्याने स्वतःच पुढे येऊ नये, असे ९१६ वे कलम सांगते. पहिल्या कलमात निर्णय देणाऱ्याच्या हाती आहे, दुसऱ्यात घेणाऱ्याच्या विवेकावर सोपविला आहे. कडक वागावे म्हणणारे पहिल्याचा आधार घेतात, सबुरीने वागावे म्हणणारे दुसऱ्याचा.

कडक बाजूचे म्हणणे आधी नीट ऐकले पाहिजे. गर्भातील जीव हा माणूसच आहे अशी एखाद्याची खरोखरीची श्रद्धा असेल, तर गर्भपाताचा कायदा त्याला इतर कायद्यांसारखा एक कायदा वाटणार नाही. शिवाय आमदार-खासदार हा खासगी पापी नव्हे. तो उघडपणे मत देतो, आणि दुसऱ्या दिवशी वेदीपाशी उभा राहिलेला त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. अशा वेळी धर्मगुरू गप्प बसले तर साध्या भाविकाने काय समजावे? १९६७ सालच्या गर्भपात कायद्याला चाळीस वर्षे झाली तेव्हा, २००७ साली, स्कॉटलंडचे कार्डिनल कीथ ओब्रायन यांनी कॅथलिक राजकारण्यांना याच मुद्द्यावरून जाहीर इशारा दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल कॉर्मॅक मर्फी-ओकॉनर यांनी कॅथलिक पंथात घेतले. तेव्हा हुजूर पक्षाच्या खासदार अॅन विडकम, ज्या स्वतः १९९३ साली कॅथलिक झाल्या होत्या, त्यांनी विचारले की ब्लेअर यांचे पार्लमेंटमधील मतदान चर्चच्या शिकवणुकीविरुद्ध होते, त्याचे काय झाले? प्रश्न बोचरा होता, पण गैरवाजवी नव्हता.

कडक बाजूची भीती पोकळ नाही, याची साक्ष आपल्या महाराष्ट्रातच मिळते. भारतात १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला, तो ज्या समितीच्या अहवालावरून झाला तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतीलाल शाह होते. अडलेल्या स्त्रीचा जीव वाचावा, तिला सुईणीच्या काडीखाली मरावे लागू नये, हा हेतू. पुढे गर्भजल परीक्षा आली, सोनोग्राफी आली, आणि मुलगी आहे असे कळताच गर्भ पाडण्याचा धंदा सुरू झाला. तेव्हा १९८८ साली महाराष्ट्रालाच देशात सर्वांआधी त्याविरुद्ध कायदा करावा लागला; केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. चांगल्या हेतूने उघडलेल्या वाटेने वाईटही आत शिरते, हे सांगणारा कोणीतरी समाजात लागतो. कॅथलिक धर्मसंस्था ते काम करते म्हणून तिला मागासलेली म्हणून हिणविणे आम्हाला पटत नाही.

आता दुसरी बाजू. तिची वाट आपल्या बेळगावातून जाते.

सविता हलप्पनवार ही बेळगावची तरुणी, व्यवसायाने दंतवैद्य, पतीबरोबर आयर्लंडमधील गॉलवे शहरी राहत होती. वय ३१. २०१२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, सतरा आठवड्यांची गरोदर असताना तिला रुग्णालयात नेले. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळून चुकले होते. तिने व तिच्या पतीने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर तसे करता येणार नाही असे उत्तर मिळाले. रक्तात विष भिनून २८ ऑक्टोबर रोजी ती मरण पावली. पुढील चौकशीत तिच्या उपचारात झालेली हयगय उघड झाली, आणि हा कॅथलिक देश आहे असे शब्द तिच्यापाशी बोलले गेल्याचे एका परिचारिकेने मान्य केले. सविता हिंदू होती. ज्या धर्माच्या नावाने तिला थांबविण्यात आले, तो तिचा नव्हता.

आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ साली लोकमताने, ६६.९ टक्के मतांनी, गर्भाच्या व मातेच्या जीविताचा हक्क समान ठरविला गेला होता. सविताच्या मृत्यूनंतर पंतप्रधान एंडा केनी यांनी एक मर्यादित कायदा आणला : मातेच्या जिवाला खरा धोका असेल तरच गर्भपात करता यावा. केनी स्वतः नेमाने चर्चला जाणारे कॅथलिक. त्यांना लोकांनी रक्ताने लिहिलेली पत्रे पाठविली, हे त्यांनीच सभागृहात सांगितले. आणि असेही सांगितले की आपण पंतप्रधान आहोत व कॅथलिकही आहोत, परंतु कॅथलिकांपुरते पंतप्रधान नाही. त्या वेळी आयर्लंडचे कार्डिनल शॉन ब्रेडी हे कायद्याच्या पूर्ण विरोधात होते. तरीही पवित्र कम्युनियनला राजकारणात ओढण्यास धर्माध्यक्ष नाखूष आहेत असे त्यांनी म्हटले. त्याच मे महिन्यात अमेरिकेतील बॉस्टन कॉलेज या कॅथलिक विद्यापीठाने केनींना सन्माननीय पदवी दिली, तेव्हा तेथील कार्डिनल शॉन ओमॅली यांनी त्या समारंभास जाण्याचे नाकारले. जुलैमध्ये कायदा मंजूर झाला. सरकारातील राज्यमंत्री लुसिंडा क्रेटन यांनी विवेकाला स्मरून विरोधी मत दिले व पद गमावले. म्हणजे पाहा, विवेकाची किंमत दोन्ही बाजूंच्या माणसांनी मोजली. २०१८ साली पुन्हा लोकमत घेतले गेले आणि ६६.४ टक्के मतांनी १९८३ चे ते कलम रद्द झाले.

अमेरिकेत हा वाद सर्वांत तीव्र आहे. १९८४ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात भाषण करून, स्वतःची श्रद्धा एक आणि अनेक धर्मांच्या लोकांसाठी करावयाचा कायदा दुसरा, अशी मांडणी केली, तेव्हापासून तो विझलेला नाही. मे २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी तेव्हाच्या सभापती नॅन्सी पलोसी यांना कम्युनियन घेण्यास मनाई केली. पुढच्याच महिन्यात रोममध्ये, पोप फ्रान्सिस यांच्या उपस्थितीतील मिस्सेत, त्यांनी ते घेतले. २०२५ साली शिकागोचे कार्डिनल सुपिच यांनी सिनेटर डिक डर्बिन यांचा, स्थलांतरितांसाठी केलेल्या कामाबद्दल, सत्कार करावयाचे ठरविले. डर्बिन गर्भपाताच्या हक्काचे समर्थक असल्याने अनेक बिशपांनी उघड विरोध केला. नवे पोप लिओ म्हणाले की माणसाचे सारे कार्य पाहावे. गर्भपाताला विरोध करून फाशीला पाठिंबा देणाऱ्यालाही जीवनाचा खरा कैवारी कसे म्हणावे? शेवटी डर्बिन यांनीच सत्कार नको म्हणून कळविले.

एवढी उदाहरणे दिली ती एका कारणासाठी. या सर्वांना एकाच वादाची उदाहरणे म्हटले जाते, परंतु बारकाईने पाहिले तर त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आम्ही जन्मभर शाळेत शिकविले, म्हणून शाळेचाच दाखला देतो. एखाद्या विद्यार्थ्याचे वर्तन शिक्षकाला पसंत नाही. त्याला वार्षिक समारंभात बक्षीस द्यायचे नाही, ही एक गोष्ट. त्याच्याशी बोलणेच बंद करायचे, ही दुसरी. आणि हजेरीपटावरून त्याचे नाव काढून टाकायचे, ही तिसरी. जो शिक्षक या तिन्ही शिक्षा एकच समजतो, त्याच्या हातून वर्गाचे नुकसान होते.

बक्षीस रोखण्याचा अधिकार संस्थेला आहे. सत्कार म्हणजे समाजापुढे आदर्श ठेवणे. ज्याचे काम आपल्या मूळ शिकवणुकीविरुद्ध आहे त्याच्या गळ्यात हार घालण्याची सक्ती कोणावर नाही. कार्डिनल ओमॅली समारंभाला गेले नाहीत, त्यात त्यांनी कोणाचा अपमान केला असे आम्हाला वाटत नाही. उलट कार्डिनल सुपिच यांनाही एका चांगल्या कामाचा गौरव करण्याचा तितकाच अधिकार होता. येथे दोन शहाणी माणसे दोन निर्णय घेऊ शकतात, आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात.

बोलणे बंद करणे मात्र आम्हाला सर्वस्वी चुकीचे वाटते. कायदा करणाऱ्याला डॉक्टरांचे ऐकावे लागते, सवितासारख्या स्त्रीच्या आईबापांचे ऐकावे लागते, आणि गर्भाची बाजू मांडणाऱ्या धर्मगुरूंचेही ऐकावे लागते. धर्मगुरूंनी दार लावून घेतले तर कायदा काही थांबत नाही. त्यांचे म्हणणे कानावर न पडता तो होतो, इतकेच. ज्याचे मत बदलावे असे आपल्याला वाटते, त्याच्याशीच न बोलणे हा कसला न्याय?

तिसरी गोष्ट हजेरीपटाची, म्हणजे प्रार्थनेच्या दाराची. तिच्यासाठी आपल्या मराठीत एक जुना शब्द आहे : वाळीत टाकणे. आपले पूर्वज ज्या कुलाबा जिल्ह्यातून आले, आणि ज्याला पुढे रायगड म्हणू लागले, तेथे गावकीने एखादे कुटुंब वाळीत टाकल्याच्या बातम्या अलीकडेपर्यंत येत. त्या घराशी बोलायचे नाही, लग्नकार्यात बोलवायचे नाही, मयताला जायचे नाही. पुष्कळदा कारण असे निवडणुकीतील मतदानाचे किंवा गावातील एखाद्या तंट्याचे. २०१६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, तो याच अनुभवातून. कम्युनियन नाकारणे आणि वाळीत टाकणे एकच आहे असे आम्ही म्हणत नाही. कॅथलिक धर्मगुरू पापी माणसाला सुधारण्याची संधी म्हणून ते करतो, आणि पश्चात्ताप केलेल्याला परत घेतो. तरीही मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, भर सभेत, नाव घेऊन केलेली मनाई ऐकणाऱ्याच्या कानी शिक्षेसारखीच पडते. आणि पुढच्या वेळी मत देताना त्या खासदाराला विवेक आठवेल की रविवारची रांग आठवेल, हे सांगता येत नाही. भीतीने दिलेले मत धर्माच्या बाजूने पडले तरी त्यात धर्म किती उरला?

आपण ज्यू लोकांनी यात दुरून टाळ्या वाजविण्याचे कारण नाही. गर्भपाताबाबत आपल्या शास्त्रातही एकमत नाही. मिश्नाच्या ओहोलोथ प्रकरणात, प्रसूतीत आईचा जीव धोक्यात आला तर बाळाचा बहुतांश भाग बाहेर येईपर्यंत आईच्या जिवाला अग्रक्रम आहे; येथपर्यंत वाद नाही. पण पुढे? येथील माजी मुख्य रब्बी इमॅन्युएल जेकोबोवित्स यांना सैल कायदा मान्य नव्हता. अमेरिकेतील रब्बी मोशे फाइनस्टाइन यांची भूमिका फार कडक होती, तर जेरुसलेमच्या रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी टे-सॅक्ससारखा असाध्य आजार गर्भात आढळल्यास सातव्या महिन्यापर्यंत मुभा दिली. दोघांचेही ग्रंथ आज तितक्याच आदराने अभ्यासले जातात. मतभेद राहिला आणि आदरही राहिला.

दार बंद होण्याचा अनुभव तर आपल्या बेने इस्राएल समाजाला कोणी शिकवायला नको. १९६२ साली इस्राएलमधील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आपल्या मुलामुलींच्या लग्नाआधी आईच्या बाजूच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध आपल्या लोकांनी निदर्शने केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतीत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असे ठरविल्यानंतर त्या आदेशातील आपल्या समाजाचा वेगळा उल्लेख गेला. येथे एक फरक प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. आपल्याला जन्मावरून अडविले होते. खासदाराला त्याच्या कृतीवरून अडवितात. जन्म कोणाच्या हाती नसतो, कृती असते. म्हणून दोन्ही अन्याय सारखे नाहीत, आणि आपली जखम दाखवून त्यांचा वाद निकालात काढणे योग्य होणार नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे : दाराशी उभा राहून चौकशी करणाऱ्याला समोरच्या माणसाचे मन दिसत नसते. म्हणून त्याने हात आखडता घ्यावा, हेच बरे.

हा प्रश्न एजवेअरमध्येही येतो, लहान रूपात का होईना. आपला भाग ज्या हेंडन मतदारसंघात आहे, तेथे २०२४ सालच्या निवडणुकीचा निकाल अवघ्या १५ मतांनी लागला. अशा ठिकाणी प्रत्येक उमेदवार सिनेगॉगच्या, चर्चच्या, मंदिराच्या दारी येणार, आणि प्रत्येक संस्थेलाही त्याच्याजवळ फोटो काढून घ्यावासा वाटणार. इस्राएलविषयी, शिक्षणाविषयी, मरणाच्या विधेयकाविषयी त्याचे मत आपल्याला मान्य नसेल. मग काय करावे?

आमचे उत्तर असे. त्याला बोलवावे, परंतु प्रश्न विचारण्याकरिता बोलवावे आणि सभासदांना विचारू द्यावे. शाल-श्रीफळ द्यायचे की नाही हे समितीने आधी विचार करून ठरवावे, आणि ठरविताना त्याचे एकच मत न पाहता सारे काम पाहावे. जो नियम विरोधी पक्षाच्या माणसाला लावला तोच आपल्या आवडत्या माणसालाही लावावा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे असे झाले की नियमाची किंमत संपते. आणि तो माणूस आपल्याच समाजातला असून शब्बाथला प्रार्थनेस आला, तर त्या दिवशी त्याने कोठे मत दिले हे कोणी विचारू नये. विचारायचे असेल तर रविवारी त्याच्या घरी जावे, चहा घ्यावा आणि स्पष्ट बोलावे.

यातून सगळेच सुटते असे नाही. ज्याला खरोखर वाटते की कायद्याने दररोज निष्पाप जीव जातात, त्याला आमची ही तीन खात्यांची वाटणी थंड वाटेल, आणि त्याच्या तळमळीपुढे आम्ही मान लववतो. परंतु सविताच्या आईबापांची तळमळही तेवढीच खरी आहे. दोन्ही तळमळी ज्याच्या कानावर पडतात असा लोकप्रतिनिधी हवा असेल, तर त्याच्याशी बोलणारी माणसे दोन्हीकडे शिल्लक राहिली पाहिजेत. तेवढे आपल्या हाती आहे, आणि तेवढे आपण करावे.

शालोम.